वळवाची वीज आणि घरातील रेडिओ

शेतकऱ्याच्या घरी जी अनेक नवी साधने गेल्या शंभर वर्षांत आली, त्यांत रेडिओचा मान पहिला आहे. १९२७ सालच्या जुलै महिन्यात मुंबईस ध्वनिक्षेपणाचे केंद्र सुरू झाले. त्या काळी इतक्या दुरून येणाऱ्या लहरी पकडावयाच्या तर अंगणात दोन खांब उभे करून त्यांवर लांबलचक तार ताणावी लागे. १९६३ साली सांगली येथे आकाशवाणीचे केंद्र झाले आणि कृष्णाकाठच्या गावांत शेतीविषयक कार्यक्रम साध्या संचावरही स्पष्ट ऐकू येऊ लागले. पुढे २००८ साली माण तालुक्यातील म्हसवड येथे माणदेशी तरंग हे समाजरेडिओचे केंद्र निघाले. आता करमणुकीसाठी मोबाईल व दूरदर्शन संच घरोघरी आहेत. तथापि महापुराने वा वादळाने वीजपुरवठा बंद पडला व मोबाईलचे मनोरे मुके झाले म्हणजे बॅटरीवर चालणारा रेडिओच काय तो बोलतो, हे ध्यानात घेता त्याची किंमत कमी झाली असे म्हणता येणार नाही.

ह्या यंत्राचा मोठा शत्रू म्हणजे आकाशातील वीज होय. वळवाचा पहिला गडगडाट झाला की संच कायमचा मुका झाल्याची तक्रार दरसाल ऐकू येते. संच गेला तर हानी पैशांची होते व ती पुढेमागे भरून काढता येते. परंतु ज्या तारेने वीज घरात शिरते त्या तारेजवळ त्या वेळी मूल बसलेले असेल, तर ती हानी कशानेही भरून निघणारी नाही. म्हणून ह्या लेखात आम्ही विजेच्या वाटा कोणत्या, त्या कशा रोखाव्यात अथवा वळवाव्यात, आणि आपल्या दोन जिल्ह्यांतील निरनिराळ्या जमिनींत त्यासाठी कोणती तजवीज करावी, ह्याचा क्रमाने विचार करणार आहोत.

आपल्याकडे वीज केव्हा पडते?

जेथे पाऊस अधिक तेथे विजा अधिक, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु अनुभव तसा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वर, कोयनानगर, पाटण ह्या भागांत पावसाची संततधार लागते, तरी त्या दिवसांत विजेचा कडकडाट थोडाच असतो. ह्याचे कारण असे की, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे ढग घाटमाथ्यावर विस्ताराने पसरलेले असले तरी त्यांची उंची बहुधा बेताची असते. वीज उत्पन्न होण्यास ढग इतका उंच चढावा लागतो की त्याच्या वरच्या भागात पाण्याचे हिम व्हावे. बर्फाचे सूक्ष्म कण व लहान गारा जोराच्या ऊर्ध्वगामी वाऱ्यात एकमेकांवर आदळतात, आणि त्या घर्षणाने विद्युत्भार वेगळे होतात. सामान्यतः ढगाच्या वरच्या भागात धन व खालच्या भागात ऋण भार साठतो.

असे उंच ढग आपल्याकडे दोन वेळा बांधले जातात. एक, एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापून दुपारनंतर वळीव येतो तेव्हा. आणि दुसऱ्यांदा, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस परतू लागतो तेव्हा. म्हणून ज्या माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ ह्या तालुक्यांत पावसाची नेहमीच वाण असते, तेथील शेतकऱ्यांनीही विजेविषयी बेसावध राहून चालणार नाही. तासगाव भागातील द्राक्ष बागाईतदारांची ऑक्टोबर छाटणीची घाई ह्याच परतीच्या पावसाच्या सुमारास असते, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

विजेचे सामर्थ्य किती?

ढगाच्या खालच्या अंगास साठलेला ऋण भार हवेतून वाट काढीत पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो. एकेक पायरी सामान्यतः काही दशक मीटर लांबीची असते. तो जमिनीपासून शंभरएक मीटरच्या आत आला की झाडे, घरांचे कोपरे, खांब ह्यांच्या टोकांवरून त्यास सामोऱ्या अशा ठिणग्या वर चढतात. त्यांपैकी एकीची गाठ पडली की वाट पुरी होते व तिच्यातून प्रचंड प्रवाह वाहतो. आपल्या डोळ्यांस दिसणारा झगझगीत लोळ तो हाच. एका पातात साधारणतः ३०,००० अँपियर प्रवाह असतो. कधी कधी तो ह्याच्या अनेकपट असतो. घरातील मोठ्यात मोठे उपकरणही १५-२० अँपियरच्या आतच काम करते, ह्यावरून तुलना करावी. हा प्रवाह फार थोडा वेळ टिकतो. तो शिखरास पोचण्यास सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी काही भाग पुरतात. आणि बहुधा एकाच वाटेने तीन-चार पात एकामागून एक होतात, म्हणून वीज लुकलुकताना दिसते.

वीज विशिष्ट मनुष्यास शोधीत येते, पायाळू माणसास तिचे विशेष भय असते, असा समज खेड्यांतून अजून आढळतो. त्यास कसलाही आधार नाही. उंची, एकाकीपणा व जमिनीशी असलेला संबंध एवढीच तिची आवडनिवड होय. पायाळू मनुष्य घरात सुरक्षित असतो आणि पायाळू नसलेला मनुष्य माळावरच्या एकट्या झाडाखाली धोक्यात असतो.

संचापर्यंत येण्याच्या वाटा

वीज प्रत्यक्ष घरावर पडली तरच यंत्र बिघडते, अशी समजूत चुकीची आहे. तिच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट एरियलची. छपरावर लोखंडी नळी उभी करून तिच्या टोकाशी एरियल बसविली, म्हणजे घराच्या आसपासचे सर्वांत उंच टोक आपणच तयार करतो. तिच्यावर पडलेली वीज तारेने सरळ संचात व तेथून बसावयाच्या खोलीत येते.

दुसरी वाट वीजपुरवठ्याच्या तारांची. खेड्यातील तारा मैलोगणती उघड्या माळावरून व शेतांतून आलेल्या असतात. डीपीपासून कितीतरी दूर त्यांवर अथवा त्यांच्या शेजारी वीज पडली, तरी दाबाची लाट त्या तारांवरून धावत घरापर्यंत येते. एरियल नसलेले संच बिघडतात ते बहुधा ह्या वाटेने.

तिसरी वाट दिसत नाही. वीज पाच-सहाशे हात दूर पडली असली, तरी तिच्या भोवतालच्या क्षेत्रात जो एकाएकी पालट होतो त्याने जवळच्या प्रत्येक लांब तारेत दाब उत्पन्न होतो. जुन्या निर्वात नळ्यांच्या रेडिओस असे धक्के बऱ्याच अंशी सोसत. आजच्या संचातील सूक्ष्म अर्धवाहक भाग काही थोड्या व्होल्टवर काम करणारे असल्यामुळे, पूर्वीच्या संचांस जो धक्का जाणवलाही नसता तो ह्यांचा प्राण घेतो.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. ज्याच्या रेडिओस बाहेरची एरियल नाही व जो केवळ बॅटरीवर चालतो, त्यास ह्या तिन्ही वाटांचे भय जवळजवळ नाही. मध्यम लहरींसाठी लागणारी एरियल लहान संचात आतच एका काळ्या कांडीवर गुंडाळलेली असते. सांगलीच्या आसपासच्या सपाट प्रदेशात एवढ्यावर काम भागते. मात्र जावळी-पाटणच्या खोऱ्यांत एफ. एम. लहरी डोंगराआड अडतात, कारण त्या बहुतांशी सरळ रेषेत जातात. तेथे छपरावर एरियल लावण्यावाचून गत्यंतर नसते. हौशी बिनतारी संदेशवाहकांचे खांब तर ह्याहून उंच असतात. ज्यांच्या छपरावर दूरदर्शनची छत्री अथवा इंटरनेटचा खांब आहे, त्यांनीही पुढील मजकूर आपल्यासाठीच आहे असे समजावे.

रक्षणाचे मूळ तत्त्व

विजेस अडविता येत नाही. ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडून जी आली, ती स्विचमधील दोनतीन मिलिमीटर फटीने थांबेल ही आशा व्यर्थ होय. पाझर तलावाचा बांध कितीही मजबूत केला तरी सांडवा नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो. आणि सांडवा पुरेसा रुंद व उताराचा असेल तर मातीचा बांधही टिकतो, हे आपण सर्व जाणतो. विजेचे अगदी तसेच आहे. तिच्यासाठी घराबाहेरून जमिनीत जाणारा सरळ सांडवा काढून देणे, हे रक्षणाचे पहिले अंग होय.

सांडवा नसला म्हणजे काय होते, ह्याचे एक जुने उदाहरण आहे. १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिन ह्यांच्या सूचनेवरून फ्रान्समध्ये उंच सळई उभारून ढगातील वीज खाली आणण्यात आली. पुढच्याच वर्षी रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान नावाच्या पदार्थविज्ञानवेत्त्याने तसाच प्रयोग आपल्या घरी चालविला. छपरावरील सळईची तार त्याने खोलीत मोजमापाच्या यंत्राशी आणली होती; जमिनीत मात्र ती नेलेली नव्हती. वादळ येताच तो यंत्र पाहण्यास वाकला आणि तारेतून निघालेल्या ठिणगीने त्याचा जागच्या जागी अंत झाला. छपरावरून खोलीत आणलेली व जमिनीशी न जोडलेली एरियल म्हणजे रिखमानचीच मांडणी होय.

रक्षणाचे दुसरे अंग कमी माहितीचे आहे, आणि अर्थिंग करूनही ज्यांची यंत्रे जळतात ती बहुधा ह्याच अज्ञानामुळे. समजा, आपण एरियलसाठी घराच्या पूर्वेस उत्तम अर्थिंग केले व त्याचा रोध अवघा १० ओहम आहे. त्यातून ३०,००० अँपियर प्रवाह गेला, तर त्या क्षणी तेथील सळईचा दाब ३,००,००० व्होल्टपर्यंत चढेल. वीजमंडळाच्या मीटरजवळचे अर्थिंग घराच्या पश्चिमेस असून त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. ते जवळजवळ शून्यावरच राहील. रेडिओ संच मात्र एका अंगाने एरियलच्या अर्थिंगला व दुसऱ्या अंगाने भिंतीतील प्लगवाटे मीटरच्या अर्थिंगला जोडलेला आहे. तेव्हा लाखो व्होल्टचा हा फरक भरून काढण्यास विजेला संचातूनच वाट मिळते. म्हणजे दोन वेगवेगळी अर्थिंगे करून आपण संचास दोन बैलांच्या ओढीत बांधतो.

कृष्णेच्या महापुरात एकाच तराफ्यावर ठेवलेले सामान पाण्याबरोबर एकदम वर उचलले जाते. पाणी कितीही चढले तरी भांड्यास भांडे लागत नाही. अर्धे सामान तराफ्यावर व अर्धे काठावरच्या खुंटीस बांधलेले असेल, तर दोर तुटतो. घरातील सर्व अर्थिंगे, म्हणजे एरियलचे, मीटरचे, छपरावरील वीजवाहक सळईचे, जाड तारेने घराबाहेरच परस्परांस जोडून टाकली की दाब चढला तरी सर्वांचा एकदम चढतो व संचातून वाहण्यास कारण उरत नाही. रोध कमी असावा हे खरेच. पण सर्व अर्थिंग एक असावे हे त्याहून महत्त्वाचे. वाचकांनी ह्या लेखातील दुसरे काही विसरले तरी चालेल, हे विसरू नये. मीटरजवळच्या अर्थिंगला जोड देण्याचे काम मात्र परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे.

जमीन पाहून अर्थिंग

वीज जमिनीत किती सहज मुरते हे जमिनीच्या जातीवर अवलंबून आहे, आणि ह्या बाबतीत शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. जी जमीन ओल धरते ती विजेसही वाट देते.

कृष्णा व वारणा ह्यांच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत काम सोपे आहे. तेथे तीन मीटर लांबीची तांब्याचा थर दिलेली सळई अथवा ४० मि.मी. व्यासाची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी उभी ठोकली अथवा पुरली असता बहुधा पुरते. मात्र काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व सळईभोवती पोकळी पडते. आणि वळीव तर नेमका त्याच वेळी येतो. म्हणून तेथे पाणी घालण्याची सोय ठेवावी व चैत्रापासून आठवड्यातून एकदा दोन-चार घागरी पाणी घालावे. मोरीचे अथवा नळाचे सांडपाणी जेथे नित्य मुरते त्याच्या जवळची जागा ह्या कामास उत्तम.

माणदेशात व जतकडील माळावर वीतभर मातीखाली मुरूम व त्याखाली काळा पाषाण लागतो. कोरड्या मुरमाचा रोध काळ्या ओल्या जमिनीच्या अनेकपट असतो. तेथे एकच सळई खोल घालण्याचा हट्ट धरू नये. ती जातही नाही. त्याऐवजी अर्धा मीटर खोल चर खणून त्यात २५ मि.मी. रुंद व ३ मि.मी. जाड जस्तमुलामी लोखंडी पट्टी दहा-पंधरा मीटर लांब आडवी पुरावी. शक्य तर ती घराभोवती फिरवून तिचे कडेच करावे. चरात मुरूम परत न टाकता गाळाची काळी माती आणून भरावी. दोन-तीन सळया घालावयाच्या असल्या तर त्यांतील अंतर निदान सळईच्या लांबीइतके ठेवावे; एकमेकींस लागून घातलेल्या दोन सळया एकीच्याच किंमतीच्या होतात. महाबळेश्वर-पाचगणीकडील जांभ्याच्या प्रदेशातही हीच आडवी पद्धत सोयीची आहे.

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा भरण्याची पद्धत जुनी आहे. मिठाने रोध उतरतो हे खरे. परंतु ते पावसाने धुपून जाते व लोखंडास खाऊन टाकते. म्हणून आता ह्या कामी बेंटोनाइट ही ओल धरून ठेवणारी माती वापरतात. तसेच पूर्वी रेडिओची अर्थ-तार पाण्याच्या नळास बांधीत. त्या काळी नळ लोखंडाचे असून मैलभर जमिनीतून गेलेले असत, म्हणून ते चाले. आज तोटी धातूची असली तरी मागील नळ प्लास्टिकचा असतो. अशा नळास बांधलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे. उलट तिच्यामुळे तोटीस हात लावणाऱ्यावर संकट ओढवते.

खाली येणारी तार

एरियलच्या खांबापासून अर्थिंगपर्यंत येणारी तार तांब्याची असेल तर निदान १६ चौरस मि.मी. छेदाची असावी; लोखंडी पट्टी वर सांगितलेल्या मापाची चालेल. परंतु जाडीपेक्षाही तिचा मार्ग महत्त्वाचा आहे. प्रवाह इतक्या वेगाने वाढत असता सरळ तारसुद्धा त्यास विरोध करते. दर मीटर लांबीस सुमारे दहा हजार व्होल्ट इतका दाब पडतो, असा साधारण हिशेब आहे. पाच मीटर तारेच्या दोन टोकांत ह्या हिशेबाने पन्नास हजार व्होल्टचा फरक पडेल. तार वळसे घेत गेली, तिची वेटोळी बांधून ठेवली, अथवा ती काटकोनात मोडली, तर वीज ती वाट सोडून भिंतीतून अथवा जवळच्या खिडकीच्या गजावर उडी मारते. म्हणून ही तार घराच्या बाहेरील अंगाने, शक्य तितकी आखूड व सरळ, भिंतीवरून खाली न्यावी. वळण द्यावेच लागले तर ते बैलगाडीच्या वाटेसारखे रुंद द्यावे. उरलेली तार गुंडाळून ठेवू नये, कापून टाकावी.

सांधे नुसते पिळून बांधू नयेत. पितळी अथवा कथिलाचा मुलामा दिलेल्या पट्टीने व बोल्टने ते आवळावेत. तांबे व जस्तमुलामी लोखंड ओल्या जागी एकमेकांस प्रत्यक्ष लागले तर जस्त व पुढे लोखंड झिजते, ह्यासाठी मधे अशी पट्टी लागते.

एरियल घरात येते तेथे

एरियलची तार जेथे भिंतीतून आत येते, तेथेच बाहेरच्या बाजूस तिचा बंदोबस्त व्हावा. जुन्या उघड्या तारेसाठी दुतोंडी चाकू-स्विच वापरीत. दांडा वर केला की एरियल संचास व खाली केला की जमिनीस जोडली जाई. ही पद्धत साधी व अजूनही उपयोगी आहे. आजची तार बहुधा दुपदरी, म्हणजे आत एक तांब्याची शीर व बाहेर जाळी अशी असते. तिची बाहेरील जाळी प्रवेशद्वाराशीच अर्थिंगला जोडावी आणि आतील शिरेसाठी वायुभरित नळीचा रक्षक बसवावा. ह्या नळीतील वायू एरव्ही विजेस अडवितो. दाब ठराविक मर्यादेपलीकडे चढताच तो स्वतःच वाहक होतो व लाट जमिनीत सोडतो. रक्षकाचे अर्थ-टोक वर सांगितलेल्या एकाच अर्थिंगला, एक हाताहून अधिक लांब नसलेल्या पट्टीने जोडावे. दहा हात दूर अर्थिंग असलेला रक्षक नावाचाच रक्षक होय.

इतके करूनही थेट पडलेल्या विजेपासून संच वाचेलच अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. खरी खात्री एकाच उपायाने मिळते, ती म्हणजे वादळ येण्यापूर्वी एरियलची तार संचापासून सोडविणे. सोडविलेले टोक टेबलावर अथवा पलंगामागे टाकून ठेवणे घातक आहे. तेथून ठिणगी उडू शकते. जोडणीच अशा ठिकाणी करावी की तार घराबाहेरच सुटी होईल.

एरियलच्या बाबतीत आणखी तीन पथ्ये पाळावीत. वीजपुरवठ्याच्या तारांवरून अथवा खालून एरियल कधीही नेऊ नये. खांब पडला तर तो तारेस लागणार नाही इतके अंतर ठेवावे. अशा स्पर्शाने आकाशातील विजेची वाट न पाहताच मृत्यू येतो. घराजवळच्या उंच झाडास एरियलचे टोक बांधू नये. आणि द्राक्षमांडवाच्या तारेचा अथवा तारेच्या कुंपणाचा एरियल म्हणून उपयोग करू नये. एकरभर पसरलेली ती तार दूर पडलेल्या विजेसही गोळा करून घरात आणते.

वीजपुरवठ्याच्या वाटेने

ह्या वाटेसाठी मीटरनंतरच्या मुख्य फळीवरच अतिदाबरोधक, ज्यास बाजारात सर्ज प्रोटेक्टर म्हणतात, तो बसवून घ्यावा. त्यात धातूच्या ऑक्साइडची एक चकती असते. ती नेहमीच्या २३० व्होल्टला अडवून धरते व दाब फार चढला की लाटेस जमिनीकडे सोडते. मात्र प्रत्येक मोठ्या लाटेगणिक ती थोडी झिजते. म्हणून त्यावरील खूण पावसाळ्याच्या आगेमागे पाहावी आणि ती रोधक निकामी झाल्याचे दाखवीत असेल तर तो बदलावा. अर्थिंग नसलेल्या घरात अशा रोधकाचा फारसा उपयोग होत नाही. सांडव्याला दार बसविले, पण पुढे चरच खणला नाही, असा तो प्रकार होतो.

व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणजे विजेपासून रक्षण नव्हे. तो दाबाची सावकाश होणारी चढउतार सावरतो. विजेची लाट त्यास काही कळण्यापूर्वीच निघून गेलेली असते. तसेच नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. बटण एकाच तारेस तोडते. बाकीच्या दोन जोडलेल्याच राहतात. प्लग भिंतीतून काढून दूर ठेवावा.

वादळ येत असता काय करावे?

ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तीनने भागले की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे अंतर दहा किलोमीटरच्या आत, म्हणजे मोजणी तिसाच्या आत आली, की पुढची वीज आपल्या शिवारात पडू शकते असे समजावे. रेडिओच स्वतः ह्याहून आधी सूचना देतो. मध्यम लहरींवर अधूनमधून जी खरखर कानी येते ती पुष्कळदा दूरच्या विजेची असते. ती दाट व मोठी होऊ लागली की वादळ जवळ येत आहे असे समजून आवराआवर करावी. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजा टिपणाऱ्या उपकरणांचे जाळे उभारले असून 'दामिनी' नावाचे मोबाईलवरील साधन तयार केले आहे. आपल्या ठिकाणापासून २० व ४० किलोमीटरच्या परिघात विजा होत आहेत काय, हे त्यावर कळते.

क्रम असा ठेवावा. ढग डोक्यावर येण्यापूर्वी संचाचा प्लग काढावा, मग एरियल बाहेर सोडवावी. वादळ डोक्यावर आल्यावर मात्र तारेस हात लावण्यास जाऊ नये. संच गेला तर जाऊ द्यावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत काही जोडू नये. वादळाच्या वेळी चार्जिंगला लावलेला मोबाईल कानास लावू नये, लोखंडी खांबास वा तोटीस टेकू नये. शेतात असाल तर एकट्या झाडाचा आसरा घेऊ नये. पक्क्या घरात अथवा बंद मोटारीत जावे.

कोणावर वीज पडलीच, तर त्याच्या अंगात वीज राहते व त्यास शिवू नये ही समजूत मनातून काढून टाकावी. त्यास शिवण्यात काहीही धोका नाही. पुष्कळ वेळा श्वास व हृदय बंद पडलेले असते, आणि तत्काळ छाती दाबण्याचा उपचार सुरू केल्यास असा मनुष्य वाचू शकतो. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ती येईपर्यंत उपचार थांबवू नये.

वर्षातून दोनदा पाहणी

वर सांगितलेली तजवीज एकदा करून विसरण्याची नव्हे. तार तुटते, बोल्ट सैल होतो, पट्टी गंजते, आणि हे बाहेरून दिसत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास, वळवापूर्वी, एकदा; व नवरात्रापूर्वी, परतीच्या पावसाआधी, पुन्हा एकदा खांबापासून जमिनीपर्यंतचा प्रत्येक सांधा हलवून पाहावा. रोधकावरील खूण तपासावी, आणि अर्थिंगला पाणी घालावे. तारतंत्र्याकडे अर्थिंगचा रोध मोजण्याचे यंत्र असते. उन्हाळ्यात, जमीन कोरडी असता, तो मोजवून घेऊन भिंतीवर तारखेसह लिहून ठेवल्यास पुढील वर्षी तुलना करता येते.

ज्या वाचकांच्या छपरावर आज एरियलचा खांब वा छत्री आहे, त्यांनी येत्या सुट्टीच्या दिवशी एवढे तरी पाहावे: तिची तार जमिनीत गेली आहे काय, आणि गेली असल्यास ते अर्थिंग मीटरच्या अर्थिंगशी जोडलेले आहे काय. ह्या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर ते काम होईपर्यंत आकाशात ढग दाटताच एरियल बाहेरून सोडवून ठेवण्याचा नेम पाळावा. घरातील मुलांसही ह्याचे कारण समजावून सांगावे. कारण दुपारी वळीव येतो तेव्हा वडील माणसे बहुधा शेतावर असतात व घरी मुलेच असतात.